लेखी विचाराल तेवढंच

४ जून

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद माझे आणि तुझ्या मामीचे. वेगवेगळे पाठवले तर टपाल जड होईल म्हणून एकाच पाकिटात. फोनवर मला तुझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो, म्हणून पुन्हा कागदावर आलो.

काल एक गंमत झाली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हॉस्पिटलने या म्हाताऱ्या फार्मासिस्टला औषधयादी समितीवर ठेवलंय. काम सोपं आहे. वॉर्डात कोणती औषधं द्यायची याची एकच यादी असते. यादीत जे नाही ते वॉर्डात नाही. यादीत आलं की बायकांच्या चाळीस खाटांच्या वॉर्डात दुसऱ्या दिवसापासून तेच. आम्ही सहाजण तीन महिन्यांतून एकदा बसतो, चहा गार होईपर्यंत भांडतो आणि हात वर करतो.

तर काल सांधेदुखीच्या एका नव्या औषधाची फाइल घरी वाचायला आली. आमचे छापील पाच प्रश्न, खाली कंपनीची पाच उत्तरं. वाचता वाचता वाटलं, ही वाक्यं ओळखीची आहेत. दर तिसऱ्या ओळीत ‘तथापि’. पाचवीतल्या निबंधात गाईवर लिहिताना सुद्धा तू तथापि घालायचीस. कंपनीचं नाव बघितलं, तुझीच.

आणि ते पाच प्रश्न कुणाचे? तुझ्या मामाचे. बत्तीस वर्षांपूर्वी कंपन्यांचे एमआर, म्हणजे औषधं खपवणारे प्रतिनिधी, डॉक्टरांच्या कानात वाटेल ते सांगायचे. एका डॉक्टरला एक, दुसऱ्याला दुसरं. मी हट्टाने नियम करून घेतला: समिती लेखी विचारेल तेवढंच कंपनीने लेखी सांगायचं, शब्दभर जास्त नाही. मग प्रश्न बांधले. आमचे कवितेचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरत, वर्ग डोलत असे, बाहेरच्या झाडावरचे पक्षीही थांबत असं मला वाटे. त्याच ठेक्यात मी एकेक प्रश्न म्हणून पाहिला होता. एक अक्षर अडखळत नाही. बत्तीस वर्षांत कुणी बदलला नाही.

मतदान २८ तारखेला आहे. माझा हात कुठे जाणार हे तुला सांगायला नको. मामीचे गुडघे तर त्या औषधाची वाटच बघताहेत. तिच्या किडन्या निम्म्यानेच काम करतात, म्हणून जुन्या गोळ्या बंद झाल्या. हे नवं औषध सौम्य आहे म्हणतात.

तुझा,
मामा

—

९ जून

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या पत्त्यावर उघडलं आणि लगेच पर्समध्ये टाकलं. यापुढे घरच्या पत्त्यावर लिहा. आणि त्या औषधाबद्दल मला काही लिहू नका.

रागावू नका. माहिती विभागात रुजू होताना आम्ही कागदावर सही केली आहे. समितीने लेखी विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यायचं, समितीलाच द्यायचं. एकट्या सदस्याशी बोलायचं नाही. नातेवाईक सदस्य असेल तर अजिबात नाही. माहितीपत्रकात छापलेलं नाही असं काहीही आपण होऊन सांगायचं नाही. म्हणजे तुमचाच नियम, फक्त आमच्या बाजूने. इथे प्रिंटआउटची पानं सुद्धा मोजतात. परवा एकाच्या मोजणीत दोन पानं कमी भरली, तर आमच्या विभागप्रमुख बाईंनी त्याला काचेच्या खोलीत अर्धा तास बसवून ठेवलं, दार उघडं ठेवून, आम्हाला दिसेल असं.

एक विचारते. तुमची भाची या कंपनीत आहे हे तुम्ही समितीला सांगितलं आहे ना? नसेल तर सांगा.

आणि मामा, प्रश्न पाचच का?

तुमची,
भिंगरी

—

१३ जून

प्रिय भिंगरी,

तू मला सरकारी नोटिशीसारखं लिहायला लागलीस. मी तुझी चिठ्ठी मामीला वाचून दाखवली, ती म्हणाली, पोरगी दमली आहे, तिला चार दिवस इकडे बोलाव.

तुझी भीती मला कळली. औषध यादीत येईल की नाही, याच काळजीने तू अर्धी झाली आहेस. नव्या औषधाला पहिलं मोठं हॉस्पिटल मिळणं म्हणजे काय, हे मला सांगू नकोस. निश्चिंत राहा. समितीला आपलं नातं मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं की अध्यक्ष डॉक्टर मला बाहेरच्या बाकावर बसवणार, मग आत तुझ्या बाजूने बोलणार कोण? आमचे अध्यक्ष माणूस चांगला आहे, पण कागदाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी फाइल परत पाठवतो.

पाचच का म्हणून विचारतेस. त्या वेळच्या फॉर्मवर पाचच रकाने मावत होते, हे एक. आणि सहावा घातला असता तर चाल मोडली असती. हसू नकोस. चौथा प्रश्न माझा सर्वांत लाडका: ‘चाचणी पूर्ण करणाऱ्या रुग्णांपैकी कितीजणांना कोणता त्रास झाला?’ किती घोटीव आहे बघ. तुमचं उत्तरही तसंच घोटीव आहे: किरकोळ मळमळ, शंभरात चौघांना.

मामीचे गुडघे हल्ली पुष्कळ बरे आहेत. परवा ती दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालून आली, खाली येताना गुणगुणत होती. पायांवर जराशी सूज दिसते, उन्हाने असेल.

तुझा,
मामा

—

१६ जून, कुरिअरने

मामा,

मामीचे गुडघे कशाने बरे झाले?

तुमचं पत्र वाचून मी लगेच फोन केला. मामीने उचलला. कुठल्या गोळ्या घेतेस विचारलं तर म्हणाली, “गोळ्यांचा कारभार तुझ्या मामांकडे, माझ्याकडे फक्त पाणी प्यायचं काम.” मग म्हणाली, हे सांगायचं नाही असं ठरलंय. आणि हसली. मी हसू शकले नाही. तुम्हाला फोन द्यायला सांगितलं असतं, पण तुम्हाला ओरडून सांगायचं म्हणजे पहिल्यांदा माझ्या शेजारच्या टेबलाला सांगण्यासारखं.

ते औषध मामीला देऊ नका. चालू असेल तर हे पत्र हातात असतानाच बंद करा आणि तिचं रक्त तपासा. का ते विचारू नका.

हे एक वाक्य लिहून मी सही केलेला कागद मोडला आहे. याहून पुढे मी लिहिणार नाही. इतकंच सांगते, की तुमच्या पाच प्रश्नांची मी दिलेली पाचही उत्तरं खरी आहेत. एकही शब्द खोटा नाही. मी तीन वेळा तपासली. झोपताना सुद्धा मला ती पाठ म्हणता येतात, आणि प्रत्येक वेळी पाचवं संपलं की मी उठून दिवा लावते.

मी बाईंना विचारलं होतं. आणखी एक पान जोडू का म्हणून. त्या वाईट नाहीत, मामा. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, अजून निष्कर्ष निघालेला नाही, सुरक्षा विभाग बघतोय, तीन महिने लागतील, आणि समितीने विचारलेलं नाही. न विचारलेलं सांगितलं तर उद्या दुसरा कुणी न विचारलेली स्तुती सांगेल. हे त्या मनापासून बोलत होत्या. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र जाळा.

भिंगरी

—

१८ जून

प्रिय भिंगरी,

पत्र जाळलं नाही. हात धजला नाही.

कबूल करतो. आमच्या समितीवरच्या हाडांच्या डॉक्टरकडे ओपीडीत तुमच्या एमआरने सॅम्पलची पाकिटं ठेवली होती. त्याने त्यातलं एक मला दिलं. “काका, यादीत यायच्या आधी काकूंना देऊन बघा.” मी, ज्याने अशा कानातल्या गोष्टी बंद करण्यासाठी नियम केला, तो मी ते पाकीट शर्टाच्या खिशात घालून घरी आलो. तुला सांगायचं नाही असं मीच मामीला बजावलं. मतदान झाल्यावर सांगणार होतो, तुझ्याच औषधाने मामी जिने चढते म्हणून. अकरा दिवस मी स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर गोळी ठेवली.

काल तुझं पत्र येताच गोळी थांबवली आणि मामीचं रक्त दिलं. तपासणीच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग आहे, तिथे बसलो. अशा वेळी मी मनातल्या मनात शाळेतली कविता म्हणतो, तुला माहीत आहे, वेळ जातो. दोन ओळी झाल्या आणि तिसरी येईना. साठ वर्षं पाठ असलेली ओळ. मी तिला शोधत राहिलो आणि समोर मामी पायातली चप्पल काढून बोट घोट्यावर दाबून बघत होती. बोट उचललं तरी खड्डा तसाच. तिने माझ्याकडे बघितलं आणि साडीचा काठ खाली ओढला.

क्रिएटिनिन, किडनी जितकी थकेल तितका वर चढणारा रक्तातला आकडा, दोन होतं, तीन पूर्णांक चार झालंय. किडनीचे डॉक्टर म्हणाले, गोळी थांबवलीत ते बरं केलंत, आता वाट बघायची. कशाची ते त्यांनी सांगितलं नाही.

भिंगरी, आता माझी भीती वेगळीच आहे. मामीची गोळी बंद झाली. पण २८ तारखेला हात वर झाले तर दुसऱ्या दिवसापासून चाळीस खाटा. त्यातल्या निम्म्या बायका मामीच्या वयाच्या. त्यांच्या भाच्या तुझ्या ऑफिसात नाहीत.

मी काय करू? गप्प राहून सहज सुचल्यासारखा एखादा प्रश्न टाकू शकतो. मग तू सुरक्षित. पण काय विचारायचं ते मला दिसत नाही; बत्तीस वर्षं तेच पाच प्रश्न बघून डोळे बधिर झालेत. की उठून सगळं सांगू? मग तुझी नोकरी मी माझ्या तोंडाने घालवली. तू सांगशील तसं करतो. मी आता तुझ्याहून लहान झालोय.

मामा

—

२१ जून, कुरिअरने

ती. मामा,

मामीचा आकडा मी दिवसभर मनात घेऊन फिरते आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. देववत नव्हतं.

समितीला सांगा. आपलं नातं सांगा, सॅम्पलचं पाकीट सांगा, मी तुम्हाला लिहिलेलं ते एक वाक्यही सांगा. लपवून प्रश्न टाकलात आणि उद्या नातं उघड झालं, तर कंपनी म्हणेल भाचीने फोडलं, मामाने वापरलं, हा प्रश्नच बाद करा. आणि तो बाद होईल. मग दुसऱ्या मतदानाला कुणी तो पुन्हा विचारायला धजणार नाही. मी माझं भलं बघून तुम्हाला गप्प बसायला सांगितलं तर त्या चाळीस खाटांवरून मी कधी उठणार?

काय विचारायचं ते मी सांगणार नाही. तेवढं एक मला मोडू देऊ नका. प्रश्न तुमच्या बाजूने, तुमच्या लोकांच्या डोक्यातून यायला हवा. तरच उत्तर उभं राहील.

मला भीती वाटते, हे खोटं कशाला सांगू. बाईंच्या काचेच्या खोलीकडे पाठ करून बसले तरी ती पाठीला जाणवते. घराचे हप्ते, आईचं आजारपण, सगळं डोळ्यांपुढे येतं. तुम्ही माझा विचार करू नका असं लिहिणार होते. थोडा करा. पण उठून उभे राहा.

तुमची,
भिंगरी

—

२८ जून

प्रिय भिंगरी,

उभा राहिलो.

खोली नेहमीचीच. लांब टेबल, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, सहा फाइली. आधी किती वेळा बोलायला उठलो आणि गुडघा खाजवून बसलो. मग सगळं एका दमात बोललो. भाची, पाकीट, अकरा दिवस, तुझं वाक्य. मामीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. कुणी हात लावला नाही. हाडांचे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते म्हणाले, तुम्हाला आत्ता बाहेर जावं लागेल आणि राजीनामा लिहून द्यावा लागेल. मी म्हटलं, लिहूनच आणलाय. मग म्हणाले, हा पुरावा नाही. एका नातेवाइकाचं एक वाक्य आणि एका बाईचं रक्त. यावर मी औषध थांबवू शकत नाही. आपण कंपनीला पाच प्रश्न विचारले, तिने पाच उत्तरं दिली. मतदान घेतो.

मी दाराशी होतो. मला वाटलं आता हात वर जाणार, आणि माझ्याच नियमाने जाणार. वळून ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय विचारायचं, तेच ठाऊक नव्हतं.

तेव्हा आमच्या मेट्रनबाई वॉर्डातल्या चढ्या आवाजात बोलल्या. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, समितीत सहसा तोंड उघडत नाही, फक्त हात वर करते. तिने फाइल स्वतःकडे ओढली, चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“पूर्ण करणाऱ्यांचं विचारलंय. वॉर्डात जी बाई गोळी मध्येच सोडते, तिच्यापाशी मी आधी जाते. यांची कोण कोण सोडून गेली, आणि का?”

मी दारातच चौथा प्रश्न मनात पुन्हा म्हणून पाहिला. माझा लाडका प्रश्न, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. त्यातून ती माणसं घरंगळून खाली पडली होती आणि मी बत्तीस वर्षं त्याची चाल ऐकत बसलो होतो.

अध्यक्षांनी तो प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला. सहावा. मतदान पुढे ढकललं. मी राजीनामा टेबलावर ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

प्रश्न आजच्या टपालाने निघाला. तो तुझ्याच टेबलावर येणार ना?

मामीचा आकडा तीन पूर्णांक सहा.

मामा

—

५ जुलै

प्रति: अध्यक्ष, औषधयादी समिती
विषय: आपला दि. २८ जूनचा लेखी प्रश्न

महोदय,

आपण लेखी विचारणा केल्यामुळे पुढील माहिती देत आहोत. ही माहिती सध्याच्या छापील माहितीपत्रकात नाही.

चाचणीत ४१२ रुग्ण होते. ३८१ जणांनी ती पूर्ण केली. ३१ जणांनी मध्येच सोडली. त्यांपैकी २२ जणांनी मूत्रपिंडाचे काम झपाट्याने खालावल्यामुळे सोडली. या सर्व २२ जणांची मूत्रपिंडे चाचणीआधीच निम्म्या किंवा त्याहून कमी क्षमतेची होती. पाचजणांना डायलिसिस करावे लागले. दोघे दगावले. औषधाशी संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. तथापि, तो नाकारताही आलेला नाही. सोबत सात पाने.

हे उत्तर तयार करणाऱ्या अधिकाऱ्याचे समितीच्या एका माजी सदस्याशी नाते असल्याचे उघड झाले आहे. म्हणून ते विभागप्रमुखांनी शब्दशः तपासले आहे. सदर अधिकाऱ्यास आजपासून या कामातून दूर करण्यात आले आहे.

माहिती विभाग

—

८ जुलै

ती. मामा,

उत्तर पोचलं असेल. बाईंनी ते शेजारी बसून तपासलं. एक शब्द बदलला नाही. सातवं पान मोजून झाल्यावर त्यांनी पाकीट स्वतःच चिकटवलं आणि म्हणाल्या, तू आधी मला सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, आणखी एक पान जोडू का विचारलं, तेव्हा सांगितलं होतं. त्यांनी पाकीट टपालाच्या ट्रेमध्ये ठेवलं.

आता मला टेबल नाही. दाराजवळ एक खुर्ची दिली आहे. चौकशी पुढच्या सोमवारी. तीनजण असतील. तुम्हाला काय सांगितलं, किती सांगितलं, कुठल्या तारखेला. सगळं खरं सांगणार आहे. माझी पत्रं मागितली तर द्या.

बाकी चौकशीनंतर लिहीन. मामीचं कळवा. फक्त आकडा लिहिलात तरी चालेल.

भिंगरी

—

१४ जुलै

प्रिय भिंगरी,

दोन पूर्णांक नऊ. आधी आकडा, मग बाकीचं. उतरतोय, पण डॉक्टर म्हणतात पूर्वीच्या जागी परत जाणार नाही. डायलिसिसची वेळ बहुधा येणार नाही. बहुधा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मामी म्हणते, तुझ्या चौकशीला तिला साक्षीला बोलवा, ती घोटे दाखवील.

समितीने औषध यादीत घेतलं नाही. नवं माहितीपत्रक छापून येईपर्यंत नाही. चाळीस खाटा वाचल्या. हे तू केलंस, आणि सोमवारी ते तीनजण तुला काहीही म्हणोत, हे मी कुणाहीपुढे सांगायला येईन.

पण मला अजून भीती वाटते, आणि ती का ते तुला सांगायला हवं, कारण आता आपल्यात लपवायचं काही उरलेलं नाही. यादी वॉर्डासाठी असते. सॅम्पलच्या पाकिटांची यादी नसते. तुमच्या एमआरने हाडांच्या डॉक्टरकडे पंधरा पाकिटं ठेवली होती. एक माझ्या घरी आलं. कपाटात आता एकही नाही. मी विचारलं, कुणाकुणाला दिली? तो डोकं धरून बसला. आठवेल तसं सांगतो म्हणाला. त्याला सात आठवल्या.

तेव्हापासून मेट्रनबाई आणि मी ओपीडीचं रजिस्टर घेऊन बसतो. गुडघे, बायका, मे आणि जून. नावापुढे गल्ली असते, घर नसतं. ती ड्युटी संपवून येते, मी काठी घेऊन जातो, आणि आम्ही दारं ठोठावतो. मी ऐकायला निरुपयोगी, म्हणून बोलतो; ती ऐकते. आतापर्यंत बाराजणींची घरं सापडली. चौघींचे पाय सुजले होते. एकीने पाकीट संपल्यावर बरं वाटलं म्हणून दुकानातून आणखी आणलं होतं. एक घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, परवा तिला मुलगा घेऊन गेला, लघवी होत नव्हती म्हणून. कुठल्या हॉस्पिटलात ते तिला माहीत नाही. आम्ही तीन ठिकाणी विचारलं, तिथे ती नाही.

मेट्रनबाई खाली रिक्षा थांबवून उभी आहे. दोघी राहिल्यात, आणि पत्ता एकीचाच आहे.

मामा